शंभर वर्षांचा अबोला

प्रश्न :

मी 28 वर्षांची, नाशिकला राहते, घरूनच काम करते. प्रश्न वाचून तुम्ही हसाल. आई तर रोजच हसते. एका पिक्चरवरून माझं आणि माझ्या आतेबहिणीचं भांडण झालंय आणि चार महिने आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. 2020 च्या जुलैत नेटफ्लिक्सवर ‘द ओल्ड गार्ड’ आला, तेव्हा फोन चालू ठेवून, ‘तीन-दोन-एक’ म्हणत दोघींनी एकाच वेळी बटण दाबून तो पाहिला. (त्याआधी महिनाभर आमची आजी गेली होती. ताईला येता आलं नव्हतं.) न मरणारे योद्धे, त्यांची हजारो वर्षं जगलेली म्होरकी अँडी, नव्याने सामील झालेली नाइल. आम्ही पार वेड्या झालो. पुढे दर जुलैत आम्ही तो तसाच एकत्र पाहायचो. संवाद पाठ झाले होते. जो आणि निकी या जोडीवर चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी एकमेकींना पाठवायचो. दोन तर मी स्वतः लिहिल्या.

2 जुलै 2025 ला दुसरा भाग आला. मला इतका राग आला की रात्रभर झोप नाही. पाच वर्षं थांबवलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. त्यांच्यातल्या बुकरला मारलं. अँडी आता मरू शकते, हाच पहिल्या भागाचा जीव होता, तो पुसून टाकला. जो-निकीच्या वाट्याला रुसवेफुगवे. खलनायिका म्हणून उमा थर्मनला आणून वाया घालवलं. रात्री दोन वाजता मी दिग्दर्शिकेच्या पोस्टखाली जे लिहिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. ताईला मात्र पिक्चर आवडला! म्हणाली, “मी रडले.” मी दीड तास तिला तो वाईट का आहे ते समजावत होते. शेवटी ती म्हणाली, “अगं, एवढं काय? पिक्चरच तर आहे.” त्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, “तुला काय कळणार, तू तिकडेच बरी. आजी गेली तेव्हाही तू नव्हतीसच.” तिने फोन ठेवला.

दिवाळीत आईने फराळ पाठवला. ताईने आईला फोन करून चकल्या छान झाल्याचं सांगितलं. माझी चौकशीसुद्धा केली नाही.

पिक्चरवरून इतका राग येणं नॉर्मल आहे का? चाहत्यांना काही हक्क असतो की नाही? आणि ‘पिक्चरच तर आहे’ म्हणून ताईने माझा अपमान केला, तर फोन आधी तिने करायला नको का?

— अर्धवट, नाशिक


उत्तर :

प्रिय अर्धवट,

टोपणनाव झकास निवडलंयस. मधेच तुटलेल्या पिक्चरला ते शोभतं आणि पत्रालाही. पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा सिनेमाची शौकीन म्हणून, दुसऱ्यांदा सल्ला देणारी म्हणून. तिसऱ्यांदा फक्त कंसातली दोन वाक्यं वाचली. त्यांच्याकडे मी येणार आहे, पण आधी पिक्चरचं बोलू. तुला तेच बोलायचंय, आणि खरं सांगायचं तर मलाही. (ज्यांचा दुसरा भाग बघायचा राहिलाय त्यांनी इथूनच रामराम घ्यावा. पुढे सगळं फुटणार आहे.)

हसण्याचं म्हणशील, तर मला तो हक्कच नाही. आमच्या घरात ‘झाइस्ट’ असा एक शब्द आहे. कुणी उशिरा आलं आणि कारण न पटणारं सांगितलं, की आमच्याकडे म्हणतात, “झाइस्ट नको करूस.” सुनेला पहिली दोन वर्षं हा मराठीच शब्द वाटत होता.

त्याचा उगम असा. 1986 साली ‘हायलँडर’ नावाचा पिक्चर आला. सोळाव्या शतकातला स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातला एक तरुण लढाईत मरतो आणि मग उठून बसतो. त्याच्यासारखे आणखी काही जण जगात फिरतायत. ते शतकानुशतकं एकमेकांना गाठून मुंडकी उडवतात. शेवटी एकच उरणार. हे अमर कसे झाले, कुणी केले? पिक्चर त्या वाटेला जातच नाही. माझ्या थोरल्या भावाने आणि मी त्याची कॅसेट भाड्याने आणली. व्हीसीआरही भाड्याचाच, त्यामुळे पैसे वसूल करायला एका रात्रीत दोनदा पाहिला. पुढे कधीतरी 1991 चा दुसरा भाग हाती लागला. दिवे घालवून, चुरमुरे घेऊन बसलो. तर काय कळलं? हे सगळे अमर लोक झाइस्ट नावाच्या परग्रहावरून हद्दपार होऊन पृथ्वीवर आलेत! पहिल्या भागात ज्याचं मुंडकं उडालं तो शॉन कॉनरी पुन्हा हजर. काळ 2024 चा. ओझोनचा थर संपलाय म्हणून पृथ्वीभोवती ढाल उभारलेली. मी रडकुंडीला आले. आणि दादा? दादा खूश. “सायन्स फिक्शन आहे गं, भारी केलंय.” आठवडाभर मी त्याला ताटात भाजी वाढली नाही.

तेव्हा राग नॉर्मल आहे का, हा प्रश्न तू चुकीच्या बाईला विचारलायस. मला तीसेक वर्षं झाली, अजून येतो.

आणि मी एकटी नव्हते, हे फार नंतर समजलं. जगभरच्या चाहत्यांनी जणू एकमताने ठरवून टाकलं की तो दुसरा भाग झालाच नाही. 1992 ला सुरू झालेली टीव्ही मालिका सहा वर्षं चालली, तिने झाइस्टचं नाव काढलं नाही. 1994 च्या तिसऱ्या भागानेही त्याकडे काणाडोळा केला. 1995 मध्ये तर खुद्द दिग्दर्शक रसेल मल्काहीने तो पिक्चर नव्याने जुळवला आणि त्यातून परग्रहच काढून टाकला. त्या आवृत्तीत ही मंडळी पृथ्वीवरचीच, अतिप्राचीन काळातली. तेही फार पटण्यासारखं नाही म्हणा.

आता तुझ्या पिक्चरकडे बघ. दुखणं तेच आहे. पहिल्या ‘ओल्ड गार्ड’मध्ये अमरपणाला नियम नव्हता. कुणाला मिळतो, का मिळतो, कुणाला ठाऊक नाही. कधी संपतो, तेही नाही. एक दिवस जखम भरायची थांबते, बस्स. ग्रेग रका आणि लिआंद्रो फर्नांडेझच्या 2017 च्या कॉमिकवरून तो बेतलेला, पटकथा रकाचीच. पण माझ्या मनात राहिला तो मारामारीशिवायचा एक प्रसंग. फ्रान्समधलं औषधाचं दुकान. अँडीची जखम भरत नाहीये, आणि काउंटरमागची अनोळखी मुलगी जास्त चौकशी न करता ती बांधून देते. हजारो वर्षांच्या लढाया मागे टाकून आलेली बाई पहिल्यांदाच एका पट्टीसाठी दुसऱ्याच्या हातात हात देते. मरण म्हणजे काय ते त्या दोन मिनिटांत कळतं, कुणी समजावून न सांगता.

दुसऱ्या भागाने नियमांची वही उघडली. नाइल ही शेवटची अमर, तिच्या हातून जखम झाली की अमरत्व जातं. आपलं अमरत्व दुसऱ्याला देताही येतं. मग बुकर आपलं अँडीला देतो आणि इंडोनेशियातल्या त्या अणुकेंद्रात मरतो. एवढा मोठा त्याग, आणि बघणारा मनातल्या मनात हिशेब करत बसतो, की कोणाचं कोणाकडे गेलं, आता कोणाकडे शिल्लक किती. हा पटकथेचा दोष आहे आणि तो तुला दिसला, यात तुझं काही चुकलेलं नाही.

आपल्याकडे नर्मदा परिक्रमा करून आलेली माणसं शूलपाणीच्या झाडीतला अश्वत्थामा सांगतात. उंचापुरा माणूस, कपाळावर भळभळती जखम, तेल मागतो. कुणी स्वतः पाहिलेला असतो, बहुतेकांच्या ओळखीतल्या कुणीतरी. ऐकणारा विचारतो, “मग तुम्ही तेल दिलंत का?” तो शाप चालतो कसा, दुसऱ्याच्या नावावर करता येतो का, असं विचारणारा मला अजून भेटायचाय.

तुझ्या बाकीच्या तक्रारींपैकी उमा थर्मनबद्दल पूर्ण सहमत. ती आणि अँडी झालेली चार्लीझ थेरन समोरासमोर म्हटल्यावर माणूस किती आशेने बसतो! पहिला भाग दोन तासांहून मोठा होता. दुसरा पावणेदोन तासांच्या आसपास. तेवढ्यात नवी खलनायिका डिस्कॉर्ड (म्हणजे थर्मन), हेन्री गोल्डिंगचा नवा अमर, समुद्रातून परतलेली अँडीची जुनी साथीदार क्विन आणि वर नियमांची वही, एवढं सगळं कोंबायचं. डिस्कॉर्डला उभं राहायलाच जागा नाही. आणि शेवट? नाइल, जो, निकी सगळे तिच्या ताब्यात, अँडी आणि क्विन त्यांना सोडवायला निघतायत, आणि नावं वर सरकू लागतात. मी रिमोट हातात घेऊन बघितलं, की चुकून माझ्याकडूनच दाबलं गेलं का.

जो आणि निकीबद्दल मात्र तुझं ऐकणार नाही. दोघांची गाठ पडली ती धर्मयुद्धात, एकमेकांना ठार करता करता. नऊशे वर्षं होऊन गेली त्याला. पहिल्या भागात त्यांना पकडून नेणाऱ्या गाडीत, बंदूकधाऱ्यांच्या टवाळीला उत्तर म्हणून जो निकीबद्दल जे बोलतो, त्यावर तुम्ही सगळ्याजणी भाळलात. साहजिक आहे, मीही भाळले. पण नऊशे वर्षांच्या संसारात बुकरवरून एकदा तेढ येऊ नये? उलट मला तेवढाच भाग खरा वाटला. आणखी हवा होता. तुम्हा चाहत्यांची ही एक खोड आहे, आवडत्या जोडप्याला देव्हाऱ्यात बसवता आणि मग ते हललं की रागावता.

हक्काचं विचारलंयस. वाईट पिक्चरला वाईट म्हणायचा हक्क आहेच. सविस्तर लिही, नावं घेऊन लिही, एक तारा दे. शेवट पटला नाही तर स्वतःचा लिही. तू लिहितेसच. पण रात्री दोनला जे केलंस ते यात बसत नाही.

पहिला भाग जीना प्रिन्स-बाइथवुडचा, दुसरा व्हिक्टोरिया माहोनीचा. त्याचं चित्रीकरण 2022 मध्ये इटलीत झालं. त्याच ऑगस्टमध्ये रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत आग लागून काम थांबलं होतं. पडद्यावर यायला 2025 उजाडलं. त्या तीन वर्षांत कात्री कोणाच्या हातात होती, कोणता प्रसंग कोणी काढला, शेवट तिथेच तोडायचं कोणी ठरवलं, हे पोस्टखाली लिहिणाऱ्या एकीला तरी माहीत होतं का? ‘हायलँडर’च्या वेळी आम्हीही मल्काहीला मनसोक्त शिव्या घातल्या. नंतर कळलं की अर्जेंटिनातल्या त्या चित्रीकरणात पैशांची बोंब झाली होती आणि पैसा सांभाळणाऱ्यांनी पिक्चर त्याच्या हातातून काढून घेतला होता. आमचं नशीब एवढंच की कॅसेटच्या दुकानात घातलेल्या शिव्या त्याला ऐकू जात नव्हत्या. तुझ्या जातात. ती कमेंट आज काढून टाक. वर पुन्हा माफीचं निवेदन वगैरे नको, नुसती काढ.

आईच्या हसण्याकडे दुर्लक्ष कर. तिला कुठल्या मालिकेचा शेवट आवडला नव्हता ते एकदा विचार, दोन तास बोलेल.

आता कंस.

‘ताईला येता आलं नव्हतं.’ चार शब्द, तेही कंसात. मग पत्राच्या शेवटाकडे, रागाच्या भरात, ‘तू नव्हतीसच.’ गोष्ट एकच आहे. पण पहिल्या वाक्यात परिस्थिती आहे आणि दुसऱ्यात आरोप. पहिलं तुला शांतपणे माहीत आहे, म्हणून तर मला लिहिताना तेच आधी सुचलं. दुसरं तू तिला ऐकवलंस.

2020 चा जून आठव. मार्चपासून नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती. मे महिन्यात अडकलेल्यांसाठी खास विमानं सुरू झाली, पण त्यांत जागा मिळायला हवी, मग उतरल्यावर विलगीकरण. तिला तेराव्यालासुद्धा दारात पोचता आलं नसतं. तू निदान त्याच देशात होतीस, बहुधा त्याच घरात. ताईने आपल्या आईची आई गेल्याचं फोनवर ऐकलं आणि मग काय केलं असेल? लॅपटॉप उघडून मीटिंगला बसली असेल. तिकडे तिच्याकडे ‘आजी गेली का गं’ म्हणत येऊन बसणारं कोण होतं?

आणि महिनाभराने तुम्ही दोघी फोन चालू ठेवून बसलात आणि न मरणाऱ्या माणसांचा पिक्चर पाहिलात.

मी काही मानसशास्त्रज्ञ नाही, त्यामुळे हे चुकीचं असेल तर सोडून दे. पण मला वाटतं, त्या रात्री तुम्हाला आजीबद्दल बोलायचं होतं आणि ते जमलं नाही, म्हणून पिक्चरबद्दल बोललात. पुढची पाच वर्षं दर जुलैत तेच केलंत. म्हणजे दर वर्षी, आजी गेल्याला वर्ष होऊन महिना झाला की. तारखा तुझ्याच पत्रातल्या आहेत. दुसरा भाग आला तेव्हा तुझ्या मनात नुसता पिक्चर नव्हता. जे अमरत्व कुणाच्या हातात नाही, ते या भागात चक्क एका हातातून दुसऱ्या हातात देता येतं. असं देता आलं असतं तर 2020 मध्ये निम्म्या गावाने कुणाला ना कुणाला दिलं असतं. त्या नियमाने तू एवढी का भडकलीस, त्याचं हेही एक कारण असू शकेल.

आणि ताईला तो का आवडला असेल, याचा विचार केलास? दीड तास तिला समजावलंस, पण तिला एकदा तरी विचारलंस का, “कुठे रडलीस?”

मी पैज लावते. क्विन आणि अँडी. क्विनला लोखंडी पेटीत घालून समुद्रात टाकलं होतं, पाचशे वर्षं ती बुडून मरत होती आणि पुन्हा जिवंत होऊन पुन्हा बुडत होती. अँडीने तिला शोधलं, खूप शोधलं, आणि एक दिवस शोधणं सोडलं. दुसऱ्या भागात क्विन परत येते ती एवढाच जाब विचारायला, की तू का आली नाहीस. अँडीकडे त्याला उत्तर नाही. ज्या मुलीला आपल्या आजीकडे पोचता आलं नाही, ती आइंडहोवनच्या घरात बसून तो प्रसंग बघते आणि रडते. आणि मग तिची धाकटी बहीण तिला दीड तास सांगते की तो पिक्चर वाईट आहे.

“एवढं काय? पिक्चरच तर आहे.” वाक्य वाईट आहे, मान्य. कुठल्याही चाहत्याला ते लागतं. पण दीड तासानंतर निघालेलं ते वाक्य आहे गं. तो विषय थांबावा म्हणून तिने हाताला लागला तो दगड मारला. तू जो उलट मारलास, तो बरोबर कुठे लागेल ते तुला माहीत होतं.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : फोन तू करायचास. पहिल्या भागाच्या शेवटी बुकरला त्याचे साथीदार शंभर वर्षांची हद्दपारी देतात, शंभर वर्षं तोंड दाखवायचं नाही. त्या मंडळींना ते परवडतं, शंभर वर्षं म्हणजे त्यांचा एक लांबलेला पावसाळा. आणि त्यांनाही ती शिक्षा पुरी करवली नाही, दुसऱ्या भागात तो पुन्हा त्यांच्यात आहेच. तुम्ही दोघी चार महिने काढलेत. आणखी काढाल. मग तुझी आत्या किंवा तुझी आई आजारी पडेल, आणि पहिला फोन हॉस्पिटलच्या जिन्यातून करावा लागेल. असे फोन मी पाहिलेत.

आता कसं करायचं ते सांगते, कारण तुझा स्वभाव पत्रावरून मला थोडा कळलाय. हिवाळ्यात तिथली घड्याळं आपल्या साडेचार तास मागे असतात. रात्री दहाला केलास तर तिथे साडेपाच, ती कामातून उठायच्या बेतात असेल. आधी मेसेज टाकून ‘बोलू का?’ विचारू नकोस, ‘नको’ म्हणायची सोय करून देऊ नये. तिने उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. फोनवर पिक्चरचं नाव काढायचं नाही. ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे तर अजिबात म्हणायचं नाही, कारण त्या क्षणी तुला तसंच म्हणायचं होतं आणि तिला ते कळलंय. ‘पण तूही’ हे दोन शब्द तोंडात आले तर पाण्याचा घोट घे.

साधारण असं बोल : “ताई, आजीवरून मी तुला जे बोलले, ते वाईट बोलले. तुला येणं शक्य नव्हतं हे मला माहीत होतं, तरी बोलले. माफ कर.” आणि मग गप्प बस. ती गप्प राहिली तर तूही राहा, मिनिटभर तरी. तुम्हाला फोन चालू ठेवून बसायची सवय आहे.

ती रागावेल कदाचित. रागावू दे. चार महिन्यांचं व्याज असतं.

आणि मग, त्याच दिवशी नाही तर पुढच्या वेळी, तिला एक विचार : “आजीचे शेवटचे दिवस सांगू का तुला?” मला शंका आहे की तुम्ही हे अजून बोललाच नाहीत. आजी काय खात होती, कोणाला हाका मारत होती, कोणत्या साडीत नेली, त्या दिवसांत दारात किती माणसं येऊ शकली आणि कोण खिडकीतूनच हात जोडून गेलं. तुला हे सगळं दिसलं म्हणून तुझ्याकडे आहे. तिच्याकडे फक्त एक फोन आहे. तिला नको असेल तर ती सांगेल. मला वाटतं, तिला हवं असेल.

दुसऱ्या भागावरचं तुमचं भांडण त्यानंतर खुशाल पुन्हा सुरू करा. अमरत्वाची नियमवही तिला का आवडली ते तिच्याकडून ऐक, मधे न बोलता. येत्या जुलैत कोणता भाग बघायचा त्यावरून मात्र चिठ्ठ्या टाका. दादा आणि मी अजून टाकतो. दुर्दैवाने चिठ्ठी नेहमी त्याचीच निघते, त्यामुळे झाइस्ट मला आता पाठ झालंय.

तुझी,
सल्लावाली

ता. क. बुकरच्या बाबतीत मी तुझ्याच बाजूची आहे. तू लिहिलेल्या दोन गोष्टींपैकी एखादीत तो वाचतो का? वाचत असेल तर पाठव. दादाला नाही सांगणार.